छायाचित्रकार नसलेली खोली

छायाचित्रणाचे तंत्र जसजसे पुढे गेले, तसतसा छायाचित्रकार मागे सरत गेला आणि एके दिवशी तो खोलीतूनच नाहीसा झाला. तो दिवस सांगता येतो. सैबेरियातून अमेरिकेत गेलेल्या अनातोल जोसेफो या तरुणाने सप्टेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपले ‘फोटोमेटन’ यंत्र मांडले. पडद्याआड बसावे, २५ सेंट टाकावेत आणि सुमारे ८ मिनिटांनी स्वतःच्या ८ छबींची पट्टी घेऊन बाहेर पडावे. आत कागद एका द्रावणातून दुसऱ्या द्रावणात आपोआप बुचकळला जाई. १९२७ साली त्या यंत्राचे हक्क १० लाख डॉलरना विकले गेले.

आमच्या खानदेशातील जुन्या पिढीने मात्र फोटो म्हटला की आधी माणूस पाहिला. जत्रेतला फोटोवाला तिवईवरील लाकडी पेटीत बाहीतून हात घालून कागद तिथेच धुवून काढी. आधी उलटी छबी निघे, काळ्याचे पांढरे झालेली. तिचाच पुन्हा फोटो घेतला की सुलटी मिळे. आणि धुळ्याचा लोहमार्ग ज्या चाळीसगावला मुख्य मार्गास मिळतो, तेथे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची अनेक दशके स्वतःला घरात कोंडून घेतले. मेजावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश योजून त्यांनी सृष्टीचा भास निर्माण केला. त्यांचीही खोली बंदच होती. परंतु तीत पाहणारा डोळा जागा होता.

जपानमध्ये जुलै १९९५ मध्ये अ‍ॅटलस आणि सेगा या कंपन्यांनी खेळघरांतून ‘प्रिंट क्लब’ हे यंत्र आणले. चिमुकल्या छबींचे चिकटपट्टे देणाऱ्या या यंत्राने तेथील शाळकरी मुलींना वेड लावले. अशा यंत्राच्या पोटात काय असते? काचेमागे कॅमेरा, चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून दिवे, नाणे पारखणारी खाच, एक संगणक आणि छपाईचे यंत्र. आजच्या अशा यंत्रांतील खरी किमया या छपाईयंत्रात आहे. त्यात शाई ओतलेली नसते. पातळ फितीवर पिवळा, किरमिजी आणि निळा असे रंगांचे पट्टे ओळीने असतात. शेकडो सूक्ष्म तापकांची एक पट्टी त्या फितीला ऊब देते. जितकी ऊब अधिक, तितका रंग कागदात अधिक मुरतो. कागद पुन्हा पुन्हा मागेपुढे जातो. दर खेपेस एक रंग आणि शेवटी वर संरक्षक थर.

हे पाहण्यासाठी जपानला जावे लागत नाही. पासपोर्ट आकाराचे फोटो हातोहात देणाऱ्या आपल्याकडील अनेक स्टुडिओंत हेच छपाईयंत्र असते. धुळ्याच्या अशा एका स्टुडिओत मी एका मातेसोबत गेलो होतो. तिचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. चारच दिवसांपूर्वी त्याने नोकरीच्या अर्जासाठी तेथे फोटो काढले होते. सर्व प्रती अर्जांना लागल्या होत्या. घरात त्याची दुसरी छबी नव्हती. संगणकातूनही ती पुसली गेली होती.

दुकानदार क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, “फादर, थांबा.” त्याने यंत्र उघडले आणि वापरलेली फीत उलगडली. ज्या ठिकाणचा रंग कागदावर गेला, त्या ठिकाणी फीत फिकी होते. म्हणून प्रत्येक पट्ट्यावर छबी उलटी उमटून राहते, जत्रेतल्या त्या पहिल्या कागदासारखी. त्याने तिन्ही पट्टे स्कॅन केले, रंग उलटवले आणि एकावर एक बसवले. पडद्यावर किंचित पुसट चेहरा आला. “हाऊच मना आंडोर!” म्हणत मातेने पडद्याला हात लावला.

त्या आनंदातच माझे लक्ष उरलेल्या फितीकडे गेले. तीवर कितीतरी चेहरे एकामागून एक होते: विद्यार्थी, नववधू, वृद्ध निवृत्तिवेतनधारक. एरवी ही फीत कुठे जाते, असे विचारता तो म्हणाला, “कचऱ्यात.” जी फीत एका मातेला दिलासा देते, तीच उकिरड्यावर कोणाही परक्याच्या हाती लागू शकते. ओळखपत्रांच्या या काळात ही क्षुल्लक बाब नव्हे. माझ्या सांगण्यावरून तो आता फीत तुकडे करून टाकतो. त्याआधी महिनाभर जपून ठेवतो.

यंत्र स्मरणही करीत नाही आणि विस्मरणही करीत नाही. त्याच्यापाशी केवळ ठसा उरतो. त्यातले काय जपावे आणि काय नष्ट करावे, हे ठरविण्यासाठी कोणीतरी उत्तरदायी माणूस लागतो. जोसेफोने छायाचित्रकाराला खोलीबाहेर काढले खरे. परंतु छबी ज्याची आहे, त्याच्याविषयीचे त्याचे दायित्व मात्र खोलीतच राहिले आहे. ते कोणीतरी उचलले पाहिजे.