धूळ आणि धूर

वाहनांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. कांहीं वाहनें माणसाला इच्छित स्थळीं पोंचविण्यासाठीं जन्मास येतात, आणि कांहीं त्याला रस्ता सोडावयास लावण्यासाठीं. पहिल्या वर्गाविषयीं माणूस कृतज्ञ असतो. परंतु तारुण्यांतल्या आठवणी काढावयास बसला म्हणजे तो हटकून दुसऱ्या वर्गाविषयींच बोलूं लागतो. आगगाडीनें मला आयुष्यांत किती वेळां वेळेवर पोंचविलें याचा हिशेब मीं ठेवलेला नाहीं. माझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीनें मला कोणकोणत्या नांगरटींत, ओढ्यांत आणि बाभळींच्या काट्यांत नेऊन टाकलें, तें मात्र मी आजही तारीखवार सांगूं शकेन.

युरोप-अमेरिकेंत अशा आडवाटांसाठीं निराळ्या मोटारसायकली कारखान्यांतूनच तयार होऊन येत. उंच अंगाच्या, हलक्या, दातेरी टायरांच्या, दिवा-भोंग्याचें ओझें न बाळगणाऱ्या. चेकोस्लोव्हाकियांतील सीझेड या गाडीवर बेल्जियमच्या जोएल रोबेर यानें १९६४ सालीं मोटोक्रॉसच्या २५० सीसी वर्गाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि १९६६ सालीं पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्स यानें सीझेडवरच ५०० सीसी वर्ग जिंकून तेथील चार-स्ट्रोकवाल्यांची मिरास मोडून काढली. १९६८ सालीं यामाहाची डीटी-१ आली आणि हा खेळ शर्यतबाजांच्या हातून सामान्य हौशी माणसाच्या हातीं गेला. आमच्याकडे या गाड्या फक्त चित्रांत दिसत. आमची धुळींतली मोटारसायकल वजाबाकीनें तयार होत असे. रस्त्यावरची जुनी गाडी घ्यावयाची आणि तिच्या अंगावरचें जें जें म्हणून काढतां येईल तें तें काढून ठेवावयाचें!

माझी पहिली गाडी राजदूत होती. १९८४ सालीं एका गवळ्याकडून ती मीं घेतली, तेव्हां दुधाच्या कॅन अडकविण्याचे लोखंडी आंकडे तिच्या दोन्ही बाजूंस तसेच होते. पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेलें तें १७५ सीसीचें इंजिन दिसावयास ओबडधोबड, पण स्वभावानें अत्यंत सोशीक. आंकडे काढले, साइड-पॅनेल काढलीं, हँडल उंच केलें आणि सायलेन्सर वर उचलून बांधला. एवढ्यावर आम्हीं शहराबाहेरच्या माळावर तीन वर्षें राज्य केलें. पुढें थोडे पैसे जमल्यावर येझदी आली. ती म्हैसूरच्या कारखान्याची. तेथें १९६१ पासून जावा गाड्या होत असत, आणि पुढें त्यांचेंच येझदी असें नामकरण झालें. मूळ चेक गाडीची एक गंमत या वंशांत कायम राहिली होती. जी तरफ किक मारण्याची, तीच गिअर बदलण्याची. नवखा मनुष्य किक मारण्यासाठीं दुसरी तरफ शोधीत गाडीभोंवतीं प्रदक्षिणा घाली, आणि आम्ही गंभीर चेहऱ्यानें उभे राहून त्याची ती भक्ति पाहत असूं.

या यंत्राचें रहस्य फार थोडक्यांत सांगतां येतें, आणि तेंच त्याचें मोठेपण आहे. चार-स्ट्रोक इंजिनांत दट्ट्या दोनदां वर-खाली झाला म्हणजे एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेऱ्यास होतो. त्यांत झडपा नाहींत, त्या उघडझाप करणारा कॅमचा दांडा नाहीं. नळकांड्याच्या भिंतीला भोंकें असतात. दट्ट्याच वर-खाली होतांना तीं झांकतो आणि उघडतो, आणि तोच खालच्या पेटींत आलेलें मिश्रण वर ढकलतो. एकाच गड्यानें द्वारपाल, पाणक्या आणि पहिलवान या तिन्ही नोकऱ्या कराव्यात, तसला हा कारभार. त्याच्या वंगणासाठीं वेगळी सोय नसे. लिटरभर पेट्रोलमध्यें तीस-चाळीस मिलिलिटर तेल मिसळावयाचें. तें इंजिनाला वंगण देई आणि स्वतःही जळून जाई. तो निळसर धूर आणि तो गोडसर, किंचित् जळका वास ज्याच्या कपड्यांना एकदां लागला, त्याच्या घरीं आल्याची वर्दी त्याच्या पावलांनीं द्यावी लागत नसे!

या साध्या यंत्राला पंख फुटले ते एका नळीमुळें. पूर्व जर्मनींतील एमझेड कारखान्यांत वाल्टर काडेन नांवाचे इंजिनियर होते. बाहेर पडणाऱ्या वायूची लाट मधोमध फुगीर अशा नळींतून परत फिरवून, सुटून चाललेलें ताजें मिश्रण ती पुन्हां नळकांड्यांत लोटील, अशी योजना त्यांनीं पूर्णत्वास नेली. १९६१ मध्यें त्यांच्या १२५ सीसी इंजिनानें २५ अश्वशक्ति दिली. त्याच वर्षीं स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं सुझुकीला ५० सीसी वर्गाचें अजिंक्यपद लाभलें. काडेन मात्र आपल्या कारखान्यांतच राहिले. आमच्या मेस्त्रींनीं पत्र्याचे शंकू कापून, झाळून माझ्या येझदीला तशी एक नळी बसविली होती. त्यांना काडेन हें नांव ठाऊक नव्हतें. नळी कोठें फुगवावी आणि कोठें आवळावी हें मात्र त्यांचा कान त्यांना सांगे.

या गाडीवर बसणें म्हणजे एका लहरी गवयाला साथ करणें होतें. खालच्या वेगांत ती नुसती कुरकुरत राही. ठराविक टप्पा आला कीं एकाएकीं स्वर चढे, पुढचें चाक हलकें होई आणि माती पाठीमागें उडूं लागे. तो क्षण ओळखणें हीच सारी विद्या. उतारावर दुसरी काळजी. थ्रॉटल मिटून उतरावें तर पेट्रोलबरोबर तेलही मिळेनासें होतें आणि इंजिन कोरडें पडूं लागतें. म्हणून मधून मधून क्लच दाबून तिला एक घोट पाजावा लागे. खिशांत एक जादा प्लग आणि पॉलिश कागदाचा तुकडा ठेवल्यावांचून आम्हांपैकीं कोणीच घराबाहेर पडत नसे. काजळी धरलेला प्लग वाटेंत पुसून ठिणगी पाहण्यांत जीं मैत्र्या जुळल्या, त्या पुढें लग्नकार्यांतही टिकल्या. पुण्या-नाशकाकडे मातीचे उंचवटे घालून शर्यती होत. आम्ही तेथें बहुधा प्रेक्षकच असूं. परंतु सोमवारीं माळावर प्रत्येकजण रविवारचा विजेता असे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असूं, शाळेंत शिक्षक होते, आणि आवाज न करतां काम करणें हीच त्यांच्या मतें सभ्यतेची व्याख्या होती. या व्याख्येंत माझी गाडी कोठेंच बसत नव्हती. तिचें नांवही ते घेत नसत. 'ती फटफटी' एवढाच तिचा उल्लेख. १९९१ मध्यें निफाडकडची आमची थोडी वडिलोपार्जित जमीन विकावयाची ठरली. खरेदीखताच्या आठ दिवस आधीं नाना जेवतांना सहज बोलल्यासारखे म्हणाले, "विहीर एकदां पाहायला हवी होती." ती विहीर त्यांच्या वडिलांनीं खणविलेली. नानांचे गुडघे गेलेले. पावसाळा संपून काळ्या मातींत चाकोऱ्या वीत वीत खोल वाळलेल्या. जीप अर्ध्या वाटेवरच अडे, आणि भाऊबंदांचे बैल तोंवर विकले गेले होते.

आदल्या संध्याकाळीं मीं येझदीचा मागचा मडगार्ड पुन्हां चढविला, बैठकीवर घोंगडीची घडी बांधली. सकाळीं आईनें नानांच्या धोतराचा कासोटा लहान मुलाला बांधावा तसा आवळून बांधला. गांवापर्यंत डांबरी सडक होती. पुढचे दोन कोस मीं दुसऱ्या गिअरच्या वर गेलों नाहीं. चाकोरीच्या मधल्या वरंब्यावरून चाक घसरूं न देणें, ओढ्यांत गोट्यांवरून थ्रॉटल एकसारखा ठेवणें, माळावरची सारी उनाड वर्षें जणूं त्या दोन कोसांची तालीम होती. नानांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. तो प्रथम घट्ट होता. ओढा ओलांडल्यावर सैल झाला. "हळू घे" असें ते एकदांही म्हणाले नाहींत.

विहिरीच्या कांठावर ते पाव तास उभे राहिले. एक खडा त्यांनीं आंत टाकला आणि आवाज येईपर्यंत मान कलती करून ऐकलें. मग म्हणाले, "आतां विकायला हरकत नाहीं." परततांना गाडीवर बसण्यापूर्वीं त्यांनीं तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलें. "आवाज फार करते रे," ते म्हणाले, "पण पोंचवते." त्यांच्याकडून विद्यार्थ्याला मिळणारा हा सर्वोच्च शेरा होता. पुढच्या वर्षीं नाना गेले.

या गाड्यांचे दिवस कां संपले, हें समजावयास कोणा शास्त्रज्ञाकडे जावयास नको. त्यांच्या मागून जाणाऱ्या कोणाही सायकलस्वारास विचारावें. ज्या भोंकांतून धूर बाहेर जातो, त्यांतूनच न जळलेल्या मिश्रणाचा कांहीं भाग निसटतो, आणि तेल तर जळतच असतें. येझदीचा कारखाना १९९६ मध्यें थांबला. २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली आमच्या रस्त्यांवरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. तिकडे मोटोक्रॉसच्या मैदानांतही यामाहानें १९९८ सालीं चार-स्ट्रोकची वायझेड-४०० बाजारांत आणल्यावर वारें फिरलें. शर्यतीच्या टू-स्ट्रोक गाड्या कांहीं कारखाने अद्याप करतात, पण तो आतां हट्टी माणसांचा संसार आहे. हे नियम योग्य आहेत. माझ्या नातवंडांनीं तो धूर घ्यावा असें मला मुळींच वाटत नाहीं. जें यंत्र मला प्रिय आहे, तें जगानें न्यायानेंच मोडींत काढलें आहे. या दोन्ही गोष्टी एकाच मनांत नांदूं शकतात. त्यांच्यांत तडजोड घडवून आणण्याचा नाद मीं सोडून दिला आहे.

येझदी माझ्याकडे अजून आहे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालतों आणि दोन मिनिटें सुरू करतों. शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि मी त्याचा राग मानीत नाहीं. गेल्या वर्षीं शेजारचा एक लहान मुलगा नाक दाबून जवळ आला आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. "आजोबा, ही कुठं जाते?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "रस्ता संपला ना, कीं तिथून पुढं." त्यानें नाकावरचा हात काढला आणि विचारलें, "मग मला बसवाल?"