पैसे देऊन आलेला पाहुणा

वाचकहो, आपल्या खानदेशात पाहुणा आला म्हणजे आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग 'या भाऊ, बठा' म्हणतात, आणि कामाचे बोलणे त्यानंतर निघते. तापी-गिरणेच्या काठची ही रीत कोणी शाळेत शिकवलेली नाही. परंतु हाच पाहुणा जेव्हा रात्रीचे पैसे मोजून आपल्या घरी उतरतो, तेव्हा कुठेतरी बिनसते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मी कृषी विस्ताराच्या कामासाठी आणि थोडा हौसेनेही पुष्कळ हिंडलो. शेतावरच्या व गावातल्या घरगुती मुक्कामांत उतरलो. काही ठिकाणाहून पाय निघत नव्हता. बऱ्याच ठिकाणी मात्र केव्हा उजाडते आणि केव्हा निघतो असे झाले. ती निराशा कशाने आली, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. कारण 'आपणही दोन खोल्या बांधून पाहाव्यात का?' हा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या मनात घोळत असणार.

विचार वाईट नाही. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले, आणि पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्रांची नोंदणी होते. शिवाय पाहण्यासारखे आपल्याकडे काय कमी आहे? चाळीसगावजवळ गौताळा अभयारण्याच्या कडेला पाटणादेवी आहे. थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ होता, असे सांगणारा यादवकालीन शिलालेख तिथलाच. जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, शेजारी बहिणाबाईंचे जन्मगाव आसोदे आहे. रावेरच्या वर सातपुड्यात पाल आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि महामार्गाच्या कडेला लळिंगचा किल्ला आहे. माणूस पाहायला येणार, आणि आला की कुठेतरी टेकणारच. प्रश्न आहे तो टेकल्यावर त्याला काय मिळते याचा.

चाळीसगावकडच्या एका मुक्कामापासून सुरुवात करू. फलकावर लिहिले होते, 'निसर्गाच्या कुशीत गारवा'. एप्रिल महिना होता. आपल्याकडचे एप्रिलचे ऊन मी तुम्हाला काय सांगावे! खोली होती पत्र्याची, वर पंखा, आणि वीज दुपारी दोनला गेली ती सहाला आली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! गंमत पुढेच आहे. त्याच आवारात यजमानांचे जुने धाब्याचे घर उभे होते. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचे जाड धाबे. मी सहज आत डोकावलो, तर अंगाला गारवा लागला. आत काय ठेवले होते? खताची पोती आणि ठिबकच्या जुन्या नळ्या! पाहुण्यासाठी कर्ज काढून पत्रे आणले, आणि वाडवडिलांनी बांधलेला गारवा पोत्यांना दिला.

तेथून जळगावजवळच्या एका घरी आलो. घर स्वच्छ होते, अंथरूण चांगले होते. पुण्याचे एक कुटुंब लहान मुलांसह तिथे उतरले होते. रविवारी रात्री त्यांनी यजमानांना अजिंठ्याची वाट विचारली. यजमान म्हणाले, "जा की, साठेक किलोमीटर तर आहे." मंडळी सोमवारी पहाटे उठून गेली आणि दुपारी तोंडे पाडून परत आली. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात! जवळच राहणाऱ्या माणसाला एवढे ठाऊक असायला हवे, अशी पाहुण्याची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. यजमान मात्र तालुक्याच्या गावी राहत होते. घर एका पगारी पोऱ्यावर सोपवले होते. बागेत केळीचे घड उतरवायचे काम चालले होते, पण ते पाहायला मुलांना कोणी नेले नाही. केळीचे झाड एकदाच घड देते आणि मग बुडाशी फुटलेला पिल पुढची पिढी चालवतो, ही गोष्ट शहरातल्या मुलाला नवलाची आहे. ती सांगायला पैसा लागत नाही, माणूस लागतो. केंद्र सरकारने निवास-न्याहरीची योजना आखली तेव्हा खोल्यांच्या संख्येला मर्यादा घातली, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे अशी अट ठेवली. ती अट उगाच नव्हती. पाहुणा खोलीपेक्षा घराला पैसे देतो.

आता रावेर तालुक्यातले एक घर. पतसंस्थेचे कर्ज काढून दोन खोल्या बांधलेल्या. मी गेलो त्या दिवशी मुंबईचे चौघे दोन रात्रींसाठी आले होते. घरची बाई पहाटे चारला उठलेली. न्याहरीला बाजारचा स्लाइस पाव आणि जॅम, दुपारी पनीरची भाजी, रात्री पुन्हा पनीर. जे पदार्थ तिने आयुष्यात चार वेळाही केले नसतील, ते ती घाम पुसत करीत होती. पाहुण्यांनी थोडे खाल्ले, बरेच टाकले. मी चुलीशी जाऊन पाहतो तो काय, घरच्या माणसांसाठी कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजलेली, कळण्याची भाकरी टोपलीत, शेजारी ठेचा. मी विचारले, "ताई, हे का नाही वाढले?" ती म्हणाली, "शहरच्या लोकाले आपलं काय आवडीन? घरच्यांनीच सांगितलं, पनीर कर म्हणून."

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेले. एका रात्रीचे पैसे बुडाले, हप्ता तसाच राहिला. संध्याकाळी घरात बोलणी कोणाला बसली? त्या बाईलाच. दर तिने ठरवला नव्हता, फलक तिने लिहिला नव्हता, पदार्थ तिने निवडले नव्हते. पण 'तुझ्या हाताला चव नाही' हे मात्र तिने ऐकून घेतले. भगिनींनो, हे मी मुद्दाम लिहितो आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. लोक ज्या चवीसाठी दुरून येतात, ती चव तुमच्या हातात असताना बाजारचे पनीर ज्याने मागवले, चूक त्याची आहे. पाहुणा घ्यायचा की नाही, किती घ्यायचे, काय रांधायचे, हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय ठरवू नये. आणि तिच्या कष्टाचे पैसे तिच्या हातात पडावेत.

धुळ्याकडच्या एका मुक्कामी जेवण उत्तम होते. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. एक तरुण जोडपे शेजारी जेवत होते. यजमानांनी आडनाव विचारले, उत्तराने समाधान झाले नाही म्हणून पुढे विचारले, "म्हणजे कोणापैकी?" दोघे गप्प झाले, आणि अर्धे ताट ठेवून उठले. त्या घरी पुन्हा कोण येईल?

याच मुलखात १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या वस्तीतील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. टांगा देतो पण हाकणार नाही, म्हणाले. पाहुण्याने पायी चालणे वस्तीतल्या माणसांना बरे वाटेना, म्हणून सराव नसलेल्या एकाने लगाम हाती घेतले. वाटेतल्या पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, तरी प्रश्न विचारण्याची खोड अजून जिभेवर आहे. ओळखपत्र पाहावे, नोंदवहीत नाव-गाव लिहावे, तेवढे पुरे. त्यापुढे विचारायचेच तर 'चहात साखर किती?' हे विचारावे.

शेतीखात्यातला माणूस म्हणून आणखी दोन-चार गोष्टी सांगतो. विहिरीला कठडा नसेल तर पाहुणा घेऊच नका. शहरातले पोर विहीर बघायला हमखास धावते. पंपाच्या उघड्या वायरी झाका. ज्या दिवशी फवारणी, त्या दिवशी बागेत कोणाला नेऊ नका, आणि औषधांची खोली कुलूपबंद ठेवा. औषधाचा रिकामा डबा धुऊन संडासात पाण्यासाठी ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो तीनदा धुऊन भोके पाडून नष्ट करायचा असतो; पाण्यासाठी कधीही वापरायचा नाही. संडास स्वच्छ, पाणी भरलेले आणि रात्री वाटेवर दिवा, एवढे झाले तरी निम्म्या तक्रारी राहत नाहीत.

दराचेही तसेच. जेवण, चहा, बैलगाडी, जे काही वेगळे असेल ते येण्याआधी सांगा. निघताना वाढलेला आकडा पाहून पाहुणा पैसे देतो, पण परत येत नाही. आणि मे महिन्यात बोलावण्यापेक्षा दिवाळीनंतर बोलवा. कापूस वेचणीला असतो, वांगी भरात असतात, रात्री थंड असतात.

आता थंडी सुरू होण्याआधी एक करा. खोली तयार झाली की पहिल्या पाहुण्याला बोलावण्यापूर्वी तुम्ही नवरा-बायको एक रात्र तिथे झोपून पाहा. त्याच पाण्याने आंघोळ करा, तोच संडास वापरा, पाहुण्याला वाढणार तेच जेवा. सकाळी उठून एकमेकांना विचारा, की याचे पैसे आपण दिले असते का? उत्तर 'हो' आले, तरच फलक लावा.