पुतणीची वही आणि लेण्यांचा उन्हाळा

मे महिन्याची सुटी लागली की ज्यांच्या हातात पैसा असतो ती कुटुंबे थंड हवेच्या ठिकाणी जातात. आपल्या वस्त्यांतली मुले मामाच्या, मावशीच्या नाहीतर काकाच्या घरी जातात. त्यातही पोरगी मोठी असेल तर तिथेही तिच्या हाती झाडू आणि परात येतेच. पण सुटी म्हणजे नुसते दिवस ढकलणे नव्हे. शिकणाऱ्या पोराला नवे गाव, नवी माणसे आणि थोडी मोकळीक मिळाली तर महिन्याभरात ते केवढी शिदोरी बांधून नेते, हे गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्याच घरात पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे बंधू जालन्याच्या मोंढ्यात हमाली करतात. त्यांची थोरली मुलगी बारावी कॉमर्सची परीक्षा देऊन आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, महिनाभर राहायला आली. पोरीला चित्रकलेचा नाद. शाळेत असतानाच तिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षा दिलेल्या. शाळेतल्या बाईंच्या आग्रहाने कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षाही देऊन ठेवलेली. बंधूंचे म्हणणे मात्र एकच, ‘दादा, तिला तुमच्यासारखं बीकॉम करू द्या. कारकुनी तरी लागेल. चित्रानं कुणाचं पोट भरलंय? आपल्या गल्लीतला पेंटर बघा. फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश वाळून गेला.’

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पाठीवर पोती वाहून मुलीला बारावीपर्यंत आणणाऱ्या बापाला हिशेब विचारण्याचा हक्क आहे. तेव्हा असे ठरले की पोरीने महिनाभर आमच्याकडे राहावे, मग बसून निर्णय घ्यावा. आमच्या सौ.ने तिला भांड्यांपासून मोकळे केले आणि आम्ही कार्यालयातून येताना एक जाड कागदाची वही आणि चार पेन्सिली आणल्या. एवढीच आमची गुंतवणूक.

पहिले दोन-तीन दिवस पोरगी घरातच चुळबुळत होती. मग आम्ही तिला नागसेनवनात नेले. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली मराठवाड्यातल्या मुलांसाठी इथे महाविद्यालय उघडले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. राजा मिलिंदाने प्रश्न विचारावे आणि भिक्खू नागसेनाने उत्तरे द्यावी, त्या संवादावरून महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. आम्ही पोरीला म्हणालो, ‘बघ, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला दिलंय.’ ती हसली आणि एका झाडाखाली बसून दगडी भिंतीवर पडलेली फांद्यांची सावली काढू लागली. इमारत सोडून सावली का काढतेस, असे विचारले तर म्हणाली, ‘मोठे बाबा, इमारत उद्याही हीच राहील. सावली आता जाईल.’

त्या दिवसापासून तिचा रोजचा क्रम ठरला. पहाटे उठायचे, ऊन चढण्याआधी कुठेतरी बसून चित्र काढायचे आणि अकरापर्यंत परतायचे. कधी पाणचक्कीच्या हौदाजवळ, कधी शहागंजात भाजीवाल्या बायांसमोर, तर कधी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर. त्या द्वाराची गोष्ट तिला सांगणे आमचे कामच होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि प्रत्यक्षात नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे ऐकून तिने पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी तिने द्वार काढले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन काढले, आणि द्वाराखालून वही-पुस्तक घेऊन जाणाऱ्या दोन मुलीही काढल्या.

वाटेत गमती-जमतीही पुष्कळ झाल्या. शहागंजात एका बाईने आपले चित्र पाहून ‘माझं नाक एवढं मोठं नाही’ म्हणून भांडण काढले आणि मग जुडीभर कोथिंबीर फुकट दिली. एकदा शेळीने वहीचे अर्धे पान खाल्ले. त्या पानाचा उरलेला तुकडा पोरीने तसाच ठेवला आणि शेजारी शेळीचे चित्र काढून खाली ‘आरोपी’ असे लिहिले.

विद्यापीठाच्या मागे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. शहरात जन्म काढलेली आपलीही कितीतरी माणसे वेरूळ-अजिंठा पाहून येतात, पण हाकेच्या अंतरावरची ही औरंगाबाद लेणी पाहत नाहीत. लेणी थोडीच आहेत, पण दोन-तीन गटांत विखुरलेली. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे जुना चैत्य, आत स्तूप. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आग, तलवार, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू अशा आठ संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करताना कोरली आहेत. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. नर्तकीची कंबर कागदावर उतरवताना पोरीने चार पाने खराब केली.

पण ती खरी थांबली तिसऱ्या लेण्यात. तिथे गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुष गुडघे टेकून बसले आहेत. जवळजवळ खऱ्या माणसांएवढे. हात जोडलेले, कुणाच्या हातात फुलांची माळ, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. पोरगी बराच वेळ काही न काढता नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, ‘मोठे बाबा, ह्या तर आपल्या विहारातल्या बाया आहेत. वंदनेला अशाच बसतात.’ आम्ही त्या लेण्यात दहा वेळा गेलो असू, पण आमची नजर नेहमी भगवंताच्या मूर्तीवर. समोर बसलेल्या माणसांकडे पाहायला तिने शिकवले.

मग अजिंठ्याला जायचे ठरले. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट झाले आहे. त्यामुळे सौ. आणि पोरगी मिळून एकाच तिकिटात बसल्या. भाकरी, ठेचा, कांदा आणि पाण्याच्या बाटल्या बांधून पहाटेची गाडी धरली. फुलंब्री, सिल्लोड करत शंभरेक किलोमीटर. अजिंठा गाव मागे पडले की घाट उतरून गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडते. तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस. उन्हाळ्यात वाघोरा नदी कोरडी पडते, दगड तापतात आणि डोंगर करपलेला दिसतो. पण लेण्यात पाऊल टाकले की अंगावर गारवा येतो. वाघोरेच्या काठी घोड्याच्या नालासारखा वळलेला हा कडा पाहून सौ. म्हणाली, ‘भिक्खूंनी जागा शोधली तर अशी.’

२८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी इथे पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या चित्रावर त्याने आपले नाव कोरले. ते आजही दिसते. ज्यांनी हजारो हात भिंत रंगवली त्यांनी नाव लिहिले नाही, आणि जो पाहायला आला त्याने लिहिले. पोरीला ही गोष्ट फार लागली. त्या दिवशी तिने एकाही चित्राखाली सही केली नाही.

पहिल्या लेण्यात सगळे लोक पद्मपाणीसमोर गर्दी करतात. करावीच. पण पोरीचे लक्ष एका खांबाच्या माथ्यावर गेले. तिथे चार हरणे कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच. ज्या बाजूने पाहावे त्या हरणाचे ते डोके वाटते. दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे, एकाही हंसाची मान दुसऱ्यासारखी नाही. सतराव्या लेण्यात तर आमच्या सौ.चेही पाय अडले. उंचच उंच तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि समोर यशोधरा राहुलला पुढे करते आहे. त्या आईच्या चेहऱ्याकडे पाहून सौ.ने पदर डोळ्यांना लावला. रखवालदाराने ‘पुढे चला’ म्हटले तरी हलेना.

ही चित्रे कशी केली, हे आम्ही पोरीला समजावून सांगितले. आधी खडबडीत खडकावर माती, शेण, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून लिंपण द्यायचे. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग रेषा आणि रंग. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा हिरव्या दगडाचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा. निळा तेवढा अफगाणिस्तानकडून आलेल्या मौल्यवान दगडाचा. हे ऐकून पोरगी एकदम म्हणाली, ‘म्हणजे ही आजीची भिंत आहे!’ आमच्या मातोश्री गावी कुडाच्या घराला शेणामातीनेच लिंपायच्या आणि गेरूने पट्टा ओढायच्या. जे काम करणाऱ्या हातांना शतकानुशतके हलके मानले गेले, त्याच कामावर जगाने डोक्यावर घेतलेले अजिंठ्याचे चित्र उभे आहे. युनेस्कोने १९८३ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हटले. त्या वारशाच्या पोटात शेण-माती आहे, हे आपल्या लेकरांना ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट सांगितली. १८७२ पासून पुढे तेरा वर्षे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत आणि चित्रांच्या नकला करत. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार होते. या नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे बसून केलेल्या नकलाही बहुतेक १८६६ च्या आगीत गेल्या होत्या. ‘मग त्यांची मेहनत वाया गेली?’ पोरीने विचारले. आम्ही म्हणालो, ‘कागद जळाला. पण ते विद्यार्थी इथं बसून जे शिकले ते कसं जळेल?’

घरी आल्यावर नवीन उद्योग सुरू झाला. किराणा दुकानातून गेरू आला, तव्याखालची काजळी खरवडली, चुन्याची डबी आमच्या पानाच्या चंचीतून नाहीशी झाली आणि हळदीचा डबा अर्धा झाला. डिंकाच्या पाण्यात हे सारे कालवून पोरीने स्वतःचे रंग केले. पहिले चित्र वाळले आणि पोपडे सुटले. दुसऱ्याला डिंक जास्त झाला. तिसरे मात्र टिकले. बाजारातली रंगपेटी न घेता वीस-तीस रुपयांत रंग तयार झाले, याची नोंद आमच्यातल्या कारकुनाने लगेच घेतली.

बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील, खीरदान आणि मुलांचे कार्यक्रम होते. पोरीने रात्री जागून मोठ्या पुठ्ठ्यावर एक चित्र केले होते. गुडघे टेकून बसलेल्या वस्तीतल्या बाया, पांढरी लुगडी, हात जोडलेले. अगदी तिसऱ्या लेण्यातल्यासारख्या. पण एक झाडूवाली, एक बांधकामावरची, एक धुणीभांडी करणारी. विहारातल्या बाया आपापला चेहरा शोधत चित्रासमोर उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, ‘माय, आमचंबी चित्र होतं का!’

त्याच दिवशी बंधू मुलीला न्यायला आले. आम्ही काही बोललो नाही. ते चित्रासमोर गेले, एकदा पाहिले आणि परत वळून पाहिले. कडेला बसलेल्या म्हातारीच्या जोडलेल्या हातांत उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. आमच्या आईची करंगळी खडी फोडताना मोडली होती आणि तशीच जुळली. आई जाऊन नऊ वर्षे झाली. बंधू बराच वेळ उभे राहिले. मग आमच्याजवळ येऊन एवढेच विचारले, ‘दादा, त्या कॉलेजला हॉस्टेल असतंय का?’

रात्री जेवण झाल्यावर आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. फ्लेक्सने पेंटरचे काम गेले हे खरे. पण कला शिकलेल्याला शाळेत शिक्षक होता येते, कापडाचे, छपाईचे, जाहिरातीचे काम मिळते, जुन्या चित्रांची जपणूक करण्याचे शास्त्रही शिकता येते. बीकॉम झालेल्यांची रांग किती लांब आहे, हे आम्ही रोज पाहतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. त्यामुळे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा लागतो, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते. बंधूंनी सगळे ऐकले आणि म्हणाले, ‘यादीत नाव लागलं तर जाऊ द्या. नाही लागलं तर बीकॉम. पण वही बंद करायची नाही.’ पोरगी दाराआडून ऐकत होती.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रत्येक पोर चित्रकार होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. कुणाला गाणे असेल, कुणाला यंत्र उघडून पाहण्याची हौस असेल. येत्या सुटीत मुलांना घेऊन आपल्या जवळच्या लेण्यांत, जुन्या वास्तूंत जा. सोमवारी अजिंठा बंद असते, हे ध्यानात ठेवा. पाणी भरपूर न्या, भिंतींना हात लावू देऊ नका, आणि कोऱ्या कागदाची एक वही मुलांच्या हातात द्या. मग त्यांनी काय काढले ते संध्याकाळी पाच मिनिटे बसून नीट पाहा. आपण पाहतो आहोत हे लेकरांना कळले पाहिजे.