आडवे पान

कागद उभा धरावा आणि त्यावर ओळी आडव्या लिहाव्यात, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, याहून निराळे काही असू शकेल हे ध्यानातच येत नाही. पण घरातली एखादी जुनी पोथी काढून पाहा. ताडपत्राचे पान मुळातच लांबट. पुढे कागद आला, तरी पोथीने आपली आडवी बैठक सोडली नाही. ओळी पानाच्या लांबीने धावतात आणि वाचणारा पाटावर ताठ बसून राहतो. मान वाकडी करून पोथी वाचणारा मनुष्य निदान मी तरी पाहिलेला नाही.

पंचाईत होते ती उभ्या पानांच्या जमावात एखादे आडवे पान शिरले म्हणजे. यंदा आम्ही आमच्या पोखर्णीच्या घराण्याची हकीकत जुळवून तिची पीडीएफ करविली. तिच्यात वंशावळ आली. जुनी वंशावळ उभ्या कागदावर सुखाने मावत असे. कारण तिच्यात बाप, लेक आणि नातू एवढेच पुरुष एकाखाली एक उतरत. लेकीबाळींची नावे त्यात नव्हतीच. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला. आमच्या वंशावळीला तेवढी जाग यायची राहिली होती. आता लेकी, त्यांची लेकरे, अशी सगळी नावे घालायचे ठरले आणि कागद रुंदीला पुरेना. नेहमीचा ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब. तो आडवा केला की ८७ मिलिमीटर जास्त मिळतात. तेवढ्या जागेत आमच्या साऱ्या लेकी मावल्या.

पण करणाऱ्याने केले काय, तर पान उभेच ठेवून नुसता मजकूर फिरवला. भिंतीवर मुंग्या चढाव्यात तशी नावे खालून वर चढत गेली. छापील पुस्तकात हे चालते, किंबहुना तशीच वहिवाट आहे. आडव्या तक्त्याचा माथा डावीकडे ठेवतात. पुस्तक एकदा उजवीकडे वळवले की काम भागते. मोबाइलवर मात्र निराळीच गंमत. गंगाखेडला दिलेली माझी आत्या नागपंचमीला माहेरी आली होती. तिने फोन आडवा केला, तर त्या आज्ञाधारक यंत्राने पानही फिरवले! नावे पुन्हा आडवीच. मग म्हातारीने मानच वाकडी केली.

"माझं नाव दिसायलंय रे बाबा, पण वाचता येईना."

माझ्या पुतण्याने इलाज केला तो अगदी साधा. पीडीएफमध्ये प्रत्येक पानासाठी, ते किती अंशांत फिरवून दाखवायचे, याची वेगळी नोंद ठेवता येते: ०, ९०, १८० किंवा २७०. त्याने वंशावळीच्या पानापुरती ९० ची नोंद केली. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ते एकच पान वळले; बाकीची उभी राहिली, आणि एका अक्षरालाही धक्का लागला नाही.

आमच्या नृसिंहाच्या गाभाऱ्याचे दार ठेंगणे आहे. तिथे लहानथोर सारेच वाकतात आणि आनंदाने वाकतात. पण आपल्याच घराण्यातले आपले नाव वाचायला लेकीने का म्हणून मान वाकवावी? पान ज्याने मांडले, त्यानेच ते वळवून द्यावे.

आत्याने चष्मा सारखा केला आणि सगळ्या बहिणींची नावे मोठ्याने वाचली. स्वतःचे मात्र हळूच वाचले.