मुरगळलेला आठवडा

गेल्या आठवड्यात तुम्ही काय केले, असे कुणी अचानक विचारले, तर बहुतेकांना धड उत्तर देता येणार नाही. पण गेल्या श्रावणातल्या एका आठवड्याचा हिशेब मी वारांनिशी देऊ शकतो. कारण त्या आठवड्यात मी काहीच केले नाही.

रविवारी सकाळी दुधाची पिशवी आणायला उतरताना ओल्या जिन्यावरून माझा पाय घसरला आणि घोट्याशी मुरगळला. डॉक्टरांनी पट्टी गुंडाळली आणि आठ दिवस पलंगावरून न हलण्याची शिक्षा फर्मावली. ‘आता पंचाहत्तरी झाली तुमची,’ असेही जाताजाता ते म्हणाले. हे वाक्य हल्ली औषधातच धरतात की काय, कोण जाणे!

माझे लांबट तोंड पाहून नातीला दया आली. तिने आपला टॅब माझ्या मांडीवर ठेवला. ‘आजोबा, जगातली सगळी करमणूक यात आहे. बोट लावा की सुरू.’

सोमवारी मी चार चित्रपट सुरू केले आणि एकही पुरा केला नाही. एकाचा नायक आवडेना, दुसऱ्याचे संगीत कानठळ्या बसवी. आमच्या लहानपणी भानुविलासच्या रांगेत तासभर उभा राहून आत शिरलेला माणूस, चित्रपट कितीही रटाळ निघाला तरी शेवटपर्यंत बसे. पैसे वसूल झाल्याखेरीज उठणे हा आमच्याकडे तंबाखूच्या व्यसनापेक्षा मोठा दोष समजला जाई. आता बोटाच्या एका टिचकीने मी चार नायकांना घरी पाठवले, आणि संध्याकाळी माझ्या पदरात काय पडले? थोडीशी डोकेदुखी!

मंगळवारी एक जुने गाणे लावले. ते संपताच यंत्राने आपण होऊन दुसरे लावले, तेही नेमके माझ्या आवडीचे. तिसरेही तसेच. ‘तो ओळखायला लागलाय तुम्हाला,’ नात म्हणाली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, ‘दोन दिवसांत? मला पन्नास वर्षांत जमलं नाही गं!’

बुधवार उजाडला तो मात्र जरा जड पावलांनी. माझ्या पिढीच्या माणसाला बुधवार म्हटले की रात्रीचे आठ आठवतात. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कळत्या वयापासून मी ती ऐकली, पण एकट्याने कधी नाही. रेडिओच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला दादा. सिलोनचा आवाज लाटेसारखा येई नि जाई. तो ओसरू लागला की दादा पेटीला कान लावून बसे आणि मला हाताने गप्प करी. कोणते गाणे कितव्या पायदानावर, हे तो वहीत लिहून ठेवी. पहिल्या गाण्याबद्दल आमची पैज असे. हरेल त्याने आठवडाभर दुसऱ्याची चप्पल पुसायची. दादाच्या चपला मी इतक्या पुसल्या आहेत की त्यांची मापे मला अजून पाठ आहेत.

हा दादा आजही कोथरूडला असतो. माझ्या घरापासून चार-पाच किलोमीटर. आणि १९९८ सालापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. म्हणजे लग्नामुंजीत ‘कसं काय?’ ‘ठीक!’ एवढे होते. पण त्याला बोलणे म्हणत नाहीत.

भांडण कशावरून? सांगायलाही लाज वाटते. त्या साली वाडा पाडला. भांडीकुंडी, फडताळे, देवघर, सगळ्याची वाटणी सुरळीत झाली. फक्त वडिलांची एक तबकडी सापडेना. केसरबाई केरकरांची. वडील ती सणावारीच बाहेर काढीत आणि धोतराच्या सोग्याने पुसून लावीत. मला वाटले, दादाने आधीच नेली. दादाला वाटले, मी दडवली. शब्दाने शब्द वाढला आणि तबकडीपेक्षा जुन्या पुष्कळ गोष्टी बाहेर आल्या. गंमत अशी की, ती वाजवायला ग्रामोफोन आमच्या दोघांकडेही नव्हता.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेल्याची बातमी आली, तेव्हा मी फोन उचलला होता. दादाचा नंबर पाठ होता. सहा आकडे फिरवून मी फोन खाली ठेवला.

त्या बुधवारी आठ वाजता मी काहीच लावले नाही. गुरुवारी मात्र राहवेना. नातीला म्हटले, ‘केसरबाई मिळतील का गं?’ तिने नाव उच्चारायचा अवकाश, साडेतीन मिनिटांची भैरवी खोलीत भरून राहिली. सव्वीस-सत्तावीस वर्षे ज्या आवाजापायी आम्ही अबोला धरला, तो असा फुकट, मागितल्यासरशी!

‘आजोबा, हे गाणं अंतराळात गेलंय,’ नात वाचून सांगू लागली. व्हॉयेजर या दोन अमेरिकन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या या बाईंची ही भैरवी आहे. त्यांतले व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. बाईंचा मुक्काम संपला आणि आवाजाचा प्रवास सुरू झाला.

पण मला खरी चटका लावणारी हकिकत पुढेच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे यान एकाएकी असंबद्ध बोलू लागले. तेव्हा ते २४०० कोटी किलोमीटर दूर होते. इथला निरोप तिथे पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. तरी शास्त्रज्ञांनी नाद सोडला नाही. स्मरणातला एक कोपरा निकामी झाला होता. तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता. त्यांनी तो तसाच सोडून दिला, त्यातला मजकूर तुकड्यातुकड्यांनी इतर मोकळ्या जागी बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शहाण्यासारखे बोलू लागले.

शुक्रवारी दिवसभर पाऊस होता आणि मी मनोराज्यात होतो. त्या यानात जाऊन बसलो होतो म्हणा ना! कुणी परग्रहावरचा रसिक येतो. तबकडी उलटसुलट करून पाहतो. सोबत सुई ठेवलेली असते, वेष्टनावर खुणा कोरलेल्या असतात, त्यांवरून तो ती वाजवतो. भैरवी संपते. डोळे पुसून (त्याला डोळे असतील तर!) तो विचारतो, ‘ही तबकडी कुणाची?’ मी छाती काढून म्हणतो, ‘माझी!’ आणि यानाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून दादा ओरडतो, ‘खोटं! माझी!’

मी एकटाच मोठ्याने हसलो. मग बराच वेळ हसू आले नाही.

शनिवारी दुपारी घर निजले असताना मी फोन लावला. सगळे आकडे फिरवले.

‘हॅलो?’

‘दादा, मी बाळ.’

पलीकडे शांतता. साडेबावीस तास कसे लागत असतील, ते मला त्या क्षणी कळले.

‘पाय कसा आहे?’ दादा म्हणाला.

मी चाट पडलो. ‘तुला कसं कळलं?’

‘ही सांगत होती. तुझी बायको नि ही दर सोमवारी बोलतात. तुला ठाऊक नाही?’

मला ठाऊक नव्हते. अबोला आम्ही दोघांनीच पाळला होता तर!

थोडे थांबून, घसा खाकरून दादा म्हणाला, ‘बाळ, ती तबकडी...’

‘ती राहू दे रे दादा,’ मी म्हटले. ‘तुझ्या त्या बिनाकाच्या वह्या आहेत का अजून?’

‘आहेत की! पाच आहेत. एकीला वाळवी लागलीय.’

‘मग बुधवारी घेऊन ये. आठ वाजता.’

फोन ठेवला, तो दारात सौभाग्यवती उभ्या. त्यांनी काही विचारले नाही. ‘भावजींना थालीपीठ फार आवडतं,’ एवढेच म्हणाल्या आणि भाजणी पुरेल की नाही ते पाहायला आत गेल्या.

बुधवारी सकाळी पाय दुखत असूनही मी खुर्ची ओढून खाली बसलो आणि दाराशी असलेली माझी चप्पल स्वच्छ पुसून ठेवली. न जाणो, या खेपेला पैज मी जिंकलो तर दादाला फार त्रास नको.