पंपावरच्या बाळाची कावीळ

नवजात बाळ पिवळं दिसू लागलं की आपल्याकडे घरातल्या मोठ्या बायका आधी त्याला कोवळ्या उन्हात धरायला सांगतात. एक्मोवर असलेल्या एका बाळाच्या आजींनीही मला हेच विचारलं होतं, "डॉक्टर, याला थोडं ऊन नाही का दाखवता येणार?" प्रश्न भाबडा नव्हता. १९५६ साली इंग्लंडमध्ये, एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात, सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. उघड्या अंगाचा पिवळेपणा ओसरतो आणि झाकलेला भाग तसाच राहतो, हे त्यांनी डॉक्टरांच्या नजरेला आणून दिलं. आजची निळ्या दिव्यांची फोटोथेरपी तिथूनच उभी राहिली. तरी आजींना मी "नाही" म्हटलं, कारण त्या बाळाची कावीळ उन्हाने उतरणारी नव्हती.

एक्मोचं काम थोडक्यात असं. बाळाने पोटातच शी केली आणि ती फुप्फुसांत गेली, किंवा हृदयाच्या ऑपरेशननंतर हृदय उचलच घेईना, तर मानेतल्या शिरेत नळी घालून रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने ऑक्सिजनेटरमधून फिरवायचं आणि परत अंगात सोडायचं. १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी पहिल्यांदा एक नवजात मुलगी या यंत्रावर वाचवली. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिलिलिटर. यंत्राच्या नळ्यांचं सर्किट भरायलाही साधारण तेवढंच लागतं, कधी जास्त. म्हणजे पहिल्या मिनिटापासून बाळाच्या अंगात निम्मं रक्त ब्लड बँकेतलं असतं, आणि साठवलेल्या तांबड्या पेशी मुळात नाजूक झालेल्या असतात.

या पेशी पंपात फुटतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की त्यातून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, तयार होतं. ते पाण्यात विरघळण्याजोगं करून पित्तातून बाहेर टाकणं हे यकृताचं काम. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या यकृतातही त्यासाठी लागणारं एन्झाइम जन्माच्या वेळी मोठ्या माणसाच्या एक टक्क्याच्या आसपासच काम करत असतं. त्यात हे यकृत ऑक्सिजनविना ताटकळून आलेलं.

म्हणून राउंडला ज्युनिअर डॉक्टरने "बिलिरुबिन बारा" असं सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डायरेक्ट किती, इनडायरेक्ट किती? एक्मोच्या खाटेपाशी नुसत्या टोटलला मी काडीची किंमत देत नाही. इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून विरघळण्याजोगं न केलेलं बिलिरुबिन, चढत असेल तर आधी पंपाकडे जायचं. ऑक्सिजनेटरवर टॉर्च मारून गुठळ्या शोधायच्या. पंपाच्या डोक्यावर कान द्यायचा, आत गुठळी बसली की आवाज बदलतो. मग ओढीचा दाब बघायचा, तो उणे शंभरच्या पलीकडे जायला नको. बाळाची नळी बारीक. अशा नळीतून जोरात ओढणं म्हणजे बारीक स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढण्यासारखं आहे. अंगात रक्त कमी पडलं की शिरेकडून येणारी नळी थडथड उडायला लागते. फ्लो घसरतो, आणि तेव्हा आरपीएम वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने ओढ आणखी वाढते आणि पेशी आणखी फुटतात. तिथे थोडं व्हॉल्यूम द्यायचं, नळीची जागा तपासायची. लघवी चहाच्या रंगाची झाली, प्लाझ्मा फ्री हिमोग्लोबिन डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर हे मोकळं हिमोग्लोबिन मूत्रपिंडालाही सोडत नाही. गुठळी पंपातच असेल तर मी तरी सर्किट बदलायला उशीर करत नाही. बदल महाग असतो, धोक्याचाही असतो, पण रोज फुटणाऱ्या रक्ताची भरपाई नव्या रक्ताने करत बसणं हा उपाय नव्हे.

आणखी एक गोष्ट मला तरुण डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगावीशी वाटते. सर्किटमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपरिन पुरेसं आहे का हे पाहायला आपण अँटी टेन-ए ही तपासणी करतो. तिच्यात यंत्र पिवळा रंग मोजतं. रंग जितका गडद, तितकं हेपरिन कमी, असा तिचा हिशोब. आता बाळाचा प्लाझ्माच गडद पिवळा असेल, वर मोकळ्या हिमोग्लोबिनची लाली असेल, तर यंत्राला हेपरिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. रिपोर्ट बघून आपण डोस वाढवतो, आणि ज्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होईल या भीतीने आपण आधीच धास्तावलेलो असतो, त्यालाच जास्तीचं हेपरिन जातं. म्हणून कावीळ वाढली की लॅबला फोन करून तुमच्या मशिनला किती बिलिरुबिनपर्यंत आकडा खात्रीने देता येतो, हे विचारावं, आणि एपीटीटी व टेग या रक्त गोठण्याच्या इतर तपासण्यांसोबतच त्या आकड्याचा अर्थ लावावा.

डायरेक्ट, म्हणजे यकृताने विरघळण्याजोगं केलेलं, बिलिरुबिन चढण्याची गोष्ट वेगळी. ते सहसा काही दिवसांनी, हळूहळू चढतं. तोंडाने दूध बंद, शिरेतून पोषण, मधूनच जंतुसंसर्ग, यकृताला कमी पोहोचलेलं रक्त, सगळ्याचा त्यात वाटा असतो. पित्त वाहायला आतड्यात काहीतरी जावं लागतं, म्हणून बाळ स्थिर होताच नळीने आईचं दूध सुरू करावं असं माझं ठाम मत आहे, दर काही तासांनी दोन-तीन मिली का होईना. आईला दूध काढून द्यायला सांगितलं की तिलाही बाळासाठी काहीतरी करता येतं. या काविळीवर निळ्या दिव्याचा उपयोग नाही. उलट कातडी करड्या-तपकिरी रंगाची होते आणि घरचे घाबरून जातात. आजींना मी "नाही" म्हटलं होतं ते यासाठी.

पंप सुटल्यावरही ही कावीळ लगेच जात नाही. बहुतेक बाळांची ती काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि नेमकी इथेच माझी काळजी सुरू होते. "एक्मोवर होता ना, म्हणून पिवळा आहे," असं आपण म्हणतो आणि घरचेही म्हणतात. पण पित्तनलिकाच बंद असलेलं एखादं बाळ या स्पष्टीकरणाखाली दडून राहू शकतं. त्यासाठीची कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता चांगली असते, आणि एक्मो व त्यानंतरची आयसीयू यांतच महिना-दीड महिना निघून गेलेला असतो. डिस्चार्जच्या वेळी मी आई-वडिलांना समोर बसवून सांगते: शी रोज उजेडात बघा. पिवळी किंवा हिरवी असेल तर ठीक. पांढरट, खडूसारखी दिसली तर फोटो काढा आणि त्याच दिवशी या, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.