पडद्यावरची बैलगाडी

सोलापूर, ९ जुलै

चि. सोनूस,


अक्कलकोट तालुक्यात शाळा मिळाली हे ऐकून तुझ्या आईपेक्षा मीच जास्त नाचले. फोनवर बोलायला घेतलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. पोरांना ऑनलाइन वस्तुसंग्रहालय दाखवायचं आणि त्यावरून चित्रकला-हस्तकला घ्यायची, तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस.

आधी माझी फजिती ऐक. पहिल्या वेळी मला सगळंच दाखवायची घाई. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची दालनं उघडली आणि माउसने बाण दाबत सुटले. ही मूर्ती, ती ढाल, ते लघुचित्र. घाटातल्या एसटीत बसल्यासारखी पोरांची डोकी गरगरली. दहाव्या मिनिटाला एकाने विचारलं, "बाई, कार्टून कधी?" शेवटी "आवडलेली वस्तू काढा" म्हटलं, तर चाळीसातल्या तिसेक वह्यांत डोंगर, सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड!

तेव्हापासून एका तासाला एकच वस्तू. फोटो आदल्या रात्री घरी उतरवून ठेवायचा, शाळेच्या नेटवर विसंबायचं नाही.

तू म्हणशील, आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजीही पोरांना व्हर्च्युअल सहलींना न्यायचे. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. पण त्यांच्या सहलीत पडद्यापलीकडे परदेशातला वर्ग असायचा. पोरांनी विचारलं की तिकडून कोणीतरी उत्तर द्यायचं. संग्रहालयातल्या वस्तूचा फोटो गप्प असतो गं. त्याच्या वतीने आपल्यालाच बोलावं लागतं.

गेल्या वर्षी तिसरीला मी दायमाबादचा रथ दाखवला. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना धातूच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि हा बैल जुंपलेला रथ. त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण बरेच जण त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. गाडीवानाच्या अंगावर कपडा नाही, म्हणून मी मुद्दाम बाजूने काढलेला फोटो घेतला. पोरं खुदखुदायची ती खुदखुदलीच.

मग विचारलं, "केवढी असेल ही?" भिंतभर चित्र बघून सगळ्यांनी हात फाकवले. खऱ्या बैलगाडीएवढी! मी टेप काढला आणि फरशीवर खडूने ४५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद चौकट आखली. गाडीवान? तोही १६ सेंटिमीटरच, म्हणजे मोठ्या माणसाच्या वितीपेक्षाही थोडा कमी. वर्ग एकदम पुढे सरकला. चौकटीभोवती उकिडवं बसून पोरं रिकाम्या फरशीकडे बघत होती.

"मग हलकीच असेल," एक म्हणाला. चारही वस्तू मिळून ६० किलोंहून जास्त भरतात. आरोग्य तपासणीचा काटा कपाटात होताच. एकेकाला उभं केलं, बेरीज फळ्यावर मांडली. तिसरीतली तीन पोरं मिळून साठ किलो. त्या तिघांना मग दिवसभर हत्ती, गेंडा, रेडा अशीच नावं पडली.

पडदा आकार खातो आणि वजनही खातो, सोनू. हस्तकलेच्या तासाला मी ते परत मिळवायला बघते. त्या दिवशी कागद-रंग काढलेच नाहीत, माती काढली. चाकांना पाण्याच्या बाटलीची झाकणं, आसाला खराट्याच्या काड्या. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव मात्र मी विसरले होते. सकाळी येऊन बघते तो निम्म्या बैलांच्या मानांना भेगा, दोघांची मुंडकी खिडकीत पडलेली. एक पोरगा रडायच्या बेतात.

तोडगा एका मुलीने आणला. तिचे वडील शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यात मागावर आहेत. तिने दप्तरातून मूठभर वेस्ट काढलं, म्हणजे मागाखाली पडतो तो सुताचा गुंता. ते बारीक कातरून, थोडी राख घालून माती पुन्हा मळली. दुसऱ्या खेपेला एकच बैल तडकला, तोही शेपटीला. चादरीच्या गावातलं सूत असं बैलाच्या मानेत गेलं. त्या मुलीच्या रथात गाडीवान नव्हता, मांडीवर सूप घेतलेली बाई होती. "आई," म्हणाली, "विड्या वळतेय." मी काही दुरुस्त केलं नाही.

पुढच्या महिन्यात वर्गाला इथल्याच डॉ. कोटणीस स्मारकात नेलं, खऱ्या वस्तू बघायला. एरवी पोरं काचेवर नाकं चिकटवून पळतात. या वेळी पहिला प्रश्न आला, "बाई, हे उचललं तर केवढं जड लागेल?"

तुझ्याकडे निम्मा वर्ग घरी कन्नड बोलणार. माझ्याकडे तेलुगू आहे. फोटो लावलास की लगेच बोलायला लागू नकोस, तोंडाशी आलेली माहिती गिळ. माझ्या वर्गात रथ दिसताच मागच्या बाकावरून पहिला आवाज आला होता, "एद्दु!" वर्षभरात तोंड न उघडलेला पोरगा तो. तुझ्याकडे "एत्तु!" येईल. दोन्हीचा अर्थ बैलच.

तुमच्याकडे कारहुणवीच्या सणाचे मातीचे बैल कोण करतं, त्याला एकदा वर्गात बोलाव. माती मळायचं माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

तुझी,
मावशी

ता. क. शनिवारी येणार असशील तर आधी कळव. पिशवीभर वेस्ट काढून ठेवते. आणि टेप शाळेचा नेऊ नकोस, त्याचे पहिले चार सेंटिमीटर नेहमी तुटलेले असतात.